न विचारता

उतरा. हे प्रॉव्हिडन्स, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याची राजधानी. साल १९८९, उन्हाळ्याचे दिवस. ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन ही नावाजलेली कलाशाळा याच गावात आहे, आणि तिथला एक विद्यार्थी या दिवसांत स्केटबोर्डच्या दुकानात काम करतो. शेपर्ड फेअरी, वय एकोणीस. वडील दक्षिणेत, चार्ल्स्टनला डॉक्टर. पोराचा जीव मात्र स्केटबोर्डवर आणि पंक संगीतावर.

त्याच्या खांद्यावरून वाकून बघा. त्याला तुम्ही दिसत नाही. तो एका मित्राला कागदाचं स्टेन्सिल कापायला शिकवतोय. त्यासाठी ठळक काळं-पांढरं चित्र हवं, म्हणून वर्तमानपत्र चाळलं, तर कुस्तीच्या जाहिरातीत आंद्रे द जायंटचा फोटो सापडला. टीव्हीवरच्या कुस्त्यांतला हा धिप्पाड फ्रेंच पहिलवान. नंतर आपल्याकडे केबल आल्यावर ज्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफचा नाद केला, त्यांनी त्याचं नाव ऐकलं असेल. मित्राला चित्र फालतू वाटतं. फेअरी पातं हातात घेतो. डोळ्याखालची सावली, नाकाची कड, केसांचा काळा ढीग. जे काळं ते कापून काढायचं, जे पांढरं ते ठेवायचं, आणि मधला तुकडा सुटून पडू नये म्हणून जागोजागी कागदाचे बारीक पूल सोडायचे. करड्या छटांना इथे जागा नाही. गालावरची अर्धवट सावली काळ्यात टाकायची की पांढऱ्यात, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं, आणि एकदा पातं फिरलं की परतीचा मार्ग नाही.

चेहऱ्याशेजारी मजकूर येतो. आंद्रे द जायंटच्या मागे त्याची टोळी आहे, एवढंच. उंची सात फूट चार इंच, वजन ५२० पौंड. विकायला काही नाही, कुणाकडे काही मागणं नाही. झेरॉक्स करून स्टिकर निघतात आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर, खांबांवर, दारांवर चिकटतात. लोक थांबतात, कपाळाला आठ्या घालतात. कुणाला ती एखाद्या बँडची जाहिरात वाटते, कुणाला गुप्त पंथाची खूण. गावातल्या एका साप्ताहिकाने तर स्टिकरचा अर्थ सांगणाऱ्याला बक्षीस लावलं. अर्थ कुणाकडेच नव्हता, त्याच्याकडेही नाही. पुढच्या वर्षी त्याने एक जाहीरनामा लिहिला आणि त्यात थेट जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरला आणून बसवलं. मला तो जाहीरनामा कलाशाळेतल्या तोंडी परीक्षेची तयारी वाटतो. पण जिथे प्रत्येक चित्र काहीतरी विकत असतं, तिथे काहीच न विकणारं चित्र माणसाला अस्वस्थ करतं, हे त्या पोराने बरोबर हेरलं होतं.

एक हिशेब मात्र आत्ताच मनात मांडून ठेवा. आंद्रेला विचारलेलं नाही. फोटो काढणाऱ्याला विचारलेलं नाही. ज्याचा खांब आणि ज्याची भिंत, त्यालाही नाही. एकोणिसाव्या वर्षी हा हिशेब कुणी मागत नाही. ही माणसं आयुष्यभर एकेक करून दाराशी येणार आहेत.

१९९० मध्ये याच गावात, निवडणुकीच्या हंगामात या. बडी सिआंची महापौरपदाला उभे आहेत. एका माणसाला मारहाण केल्याच्या प्रकरणात शिक्षा झाली म्हणून १९८४ मध्ये त्यांना हेच पद सोडावं लागलं होतं. आता ते पुन्हा मैदानात आहेत आणि रस्त्यावर त्यांचं भलंथोरलं होर्डिंग लागलं आहे. प्रॉव्हिडन्सची काळजी वाहणं यांनी कधी सोडलंच नाही, अशा अर्थाचं. आपल्याकडच्या कार्यसम्राटांची होर्डिंगं बघत मोठ्या झालेल्या माणसाला हे काही नवीन नाही.

रात्र झाली की बादली तुम्ही धरा. आत खळ आहे, पीठ पाण्यात शिजवलेली. ती गार झाली की दाटते, म्हणून ढवळत राहायची. आधी पृष्ठभागावर ब्रश मारायचा, मग कागदाची गुंडाळी वरून खाली उलगडत न्यायची, हवेचे फुगे हाताने बाजूला सारायचे, आणि मग कागदावरूनही खळीचा एक हात फिरवायचा. हा दुसरा हात महत्त्वाचा. कडा भिजून बसल्या की सकाळी कुणाला नखाने कोपरा उचलता येत नाही. कागद काढायचा तर खरवडावा लागतो. तुमची बोटं चिकटतात, बाह्या ओल्या होतात, खालून एखादी गाडी गेली की सगळे श्वास रोखतात. उजाडतं तेव्हा उमेदवाराच्या चेहऱ्याच्या जागी आंद्रेचं डोकं असतं, आणि प्रॉव्हिडन्सची काळजी वाहणाराही आता आंद्रेच असतो. गावभर चर्चा. सिआंची निवडून आले ते आलेच, अगदी थोडक्या मतांनी. फेअरीला कळलं की नेता आणि पहिलवान यांची डोकी अदलाबदल करता येतात. ही जागा लक्षात ठेवा. अठरा वर्षांनी तो एका उमेदवाराचं डोकं स्वतःहून लावणार आहे.

पुढची काही वर्षं भरभर जाऊ. आंद्रेच्या नावावर हक्क सांगणाऱ्या कुस्ती कंपनीने हरकत घेतली, तेव्हा त्याने नाव गाळलं आणि चेहरा आणखी सोपा करत निव्वळ एक मुखवटा उरवला. खाली शब्द आला ‘ओबे’, म्हणजे आज्ञा पाळ. शब्द जॉन कार्पेंटर यांच्या १९८८ च्या ‘दे लिव्ह’ या सिनेमातून उचललेला. त्यात एक खास चष्मा घातला की जाहिरातींमागे दडलेले हुकूम दिसायला लागतात. लाल पट्टीवर तिरकी पांढरी अक्षरं, ही बार्बरा क्रूगर या चित्रकर्तीची ओळख. लाल-काळ्याचा धडाका आणि उगवत्या सूर्यासारखे किरण रशियन क्रांतीच्या काळातल्या पोस्टरांमधले. सगळं कुठून ना कुठून आलेलं. तरी समोरून पाहिलं की चित्र कुणाचं ते लांबूनच ओळखू येतं, आणि हेही कसबच आहे. उचलेगिरी सगळ्यांनाच जमते. उचललेल्यावर आपला शिक्का बसवणं फार थोड्यांना जमतं.

कॅलिफोर्नियात गेल्यावर तो रात्री भिंती रंगवतो आणि दिवसा जाहिरातीची कामं करतो. पेप्सी, हॅस्ब्रो ही खेळण्यांची कंपनी, नेटस्केप. मोझिलाचा लाल डायनोसॉर आठवतो का? तो याच्याच हातचा. २००१ मध्ये ‘ओबे’ कपड्यांचा ब्रँड झाला. आज्ञा पाळू नका असं सुचवण्यासाठी आज्ञा पाळ म्हणणारा शब्द आता टी-शर्टवर किमतीच्या चिठ्ठीसकट विकला जाऊ लागला. रस्त्यावरच्या जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. मला त्यात फारसं पाप दिसत नाही. चित्रकाराने पोट कशावर भरायचं याचे नियम पोट भरलेले लोक करतात. अडचण वेगळ्या ठिकाणी होती. २००७ मध्ये लॉस एंजेलिसचे चित्रकार आणि समीक्षक मार्क व्हॅलन यांनी फेअरीची चित्रं आणि जुनी राजकीय पोस्टरं शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. क्यूबाचे रेने मेदेरोस यांचं चित्र टी-शर्टवर आलं होतं. ते लक्षात आणून दिल्यावर फेअरीने विक्री थांबवली आणि वारसांना पैसे दिले. चळवळीतल्या माणसांनी जीव धोक्यात घालून काढलेली पोस्टरं होती ती. त्यांचा संदर्भ गाळून फक्त देखणेपणा घेतला, हा व्हॅलन यांचा आरोप मला अजूनही बिनतोड वाटतो. त्यात २००८ मध्ये ऑस्टिनच्या एका चित्रकाराने ‘ओबे’च्या चेहऱ्यावर सार्सचा मास्क चढवून चित्र विकायला काढलं, तेव्हा त्याला वकिलाची नोटीस गेली. पाठवणारा कोण, हे सांगायला नको.

आता लॉस एंजेलिसला सावकाश उतरा. जानेवारी २००८. बराक ओबामा नावाचा इलिनॉयचा सेनेटर पक्षाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन यांच्याशी झुंजतो आहे. फेअरीला त्याच्यासाठी पोस्टर करायचंय. अनेकदा अटक झालेल्या माणसाची मदत प्रचाराला त्रासदायक ठरू नये, एवढी काळजी या वेळी तो घेतो. ओळखीच्या एका प्रसिद्धी सल्लागारामार्फत प्रचारातल्या मंडळींचा अनौपचारिक होकार मिळवतो. बघा, विचारलं! उमेदवाराच्या बाजूला विचारलं. मग इंटरनेटवर फोटो शोधायला बसतो, आणि तिथे विचारायचं राहून जातं.

त्याला हवी होती ती नजर एका फोटोत मिळाली. किंचित वर उचललेली मान, पल्याड कुठेतरी बघणारे डोळे, मिटलेले ओठ. आता पात्याच्या जागी कॉम्प्युटर आहे, पण काम तेच. सावली कुठे संपते? गालाचा हा भाग उजेडात की अंधारात? चेहरा चार रंगांत वाटला जातो: गडद निळा, फिकट निळा, लाल, आणि कोऱ्या कागदासारखा पिवळट पांढरा. मधल्या छटेसाठी आडव्या रेघा. अमेरिकेच्या झेंड्याचेच रंग, पण जरा मुरवलेले, जुन्या पोस्टरसारखे. तुमच्या एक गोष्ट लक्षात येईल. गोऱ्या-काळ्याच्या भांडणात अडकलेल्या देशात या चेहऱ्याचा खरा रंग चित्रात कुठेच नाही. अर्धा लाल, अर्धा निळा. एखाद्या भाषणाला जे सांगायला तासभर लागलं असतं ते इथे रंगांच्या वाटणीत झालं. त्याने ते ठरवून केलं असेल, हाताच्या सवयीने झालं असेल, पण झालं.

पहिल्या पोस्टरवर शब्द होता ‘प्रोग्रेस’, आणि कोटाच्या बिल्ल्यात लबाडीने दडवलेला ‘ओबे’चा तारा. ७०० प्रती निघाल्या. निम्म्या विकल्या, निम्म्या रस्त्यावर लागल्या, विक्रीच्या पैशातून पुढची छपाई. प्रचाराच्या मंडळींना शब्द बदलून हवा होता. ‘प्रोग्रेस’ जाऊन ‘होप’ आलं. त्यानंतर ते चित्र कुणाच्या हातात राहिलंच नाही. लोक इंटरनेटवरून उतरवून घेतात, घरी छापतात, गाडीला लावतात, छातीवर चिकटवतात. निवडणुकीपर्यंत ३ लाख पोस्टरं आणि ५ लाख स्टिकर वाटले गेल्याचं फेअरी सांगतो. घरच्या प्रिंटरवरच्या प्रती कोण मोजणार? फेब्रुवारीत खुद्द ओबामांचं आभाराचं पत्र आलं. चित्र गॅलरीत असो की रस्त्यावरच्या पाटीवर, त्याचा प्रभाव पडतो, असा त्यातला भाव. ज्या पाट्यांवरून पोलीस त्याला पकडत होते, त्यांचाच उल्लेख भावी राष्ट्राध्यक्षाच्या पत्रात!

जानेवारी-फेब्रुवारी २००९ मधले तीनेक आठवडे आपण घाईत घालवायचे नाहीत. शपथविधीच्या आधी वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत ‘होप’चं मूळ कोलाज भिंतीवर लागतं. राष्ट्राध्यक्षांची तैलचित्रं जिथे लागतात ती ही संस्था. ‘टाइम’च्या वर्षातल्या व्यक्तीच्या मुखपृष्ठावरही त्याचंच चित्र येऊन गेलंय. मग ४ फेब्रुवारीला असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था जाहीर करते की फोटो आमचा आहे, श्रेय आणि मोबदला हवा. दोनच दिवसांनी, ६ तारखेला, तुम्ही बॉस्टनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्टबाहेर थंडीत कुडकुडत उभे आहात. फेअरीच्या वीस वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन आत लागलंय. आज पार्टी आहे, गाणी तोच वाजवणार आहे, शेकडो तरुण वाट बघताहेत. तो येत नाही. येतानाच पोलिसांनी टॅक्सी अडवून त्याला ताब्यात घेतलंय, बॉस्टनमध्ये पोस्टरं डकवल्याबद्दल. आत संग्रहालयात ज्या चित्रांना विमा आहे, तीच बाहेर लावली म्हणून अटक. (पुढे जुलैत त्याने तीन आरोप कबूल केले आणि दोन वर्षांचं प्रोबेशन घेतलं.) आणि ९ तारखेला, बचाव करत बसण्याऐवजी, तोच न्यायालयात जातो: फोटोचा आपला वापर कायद्याने रास्त आहे, असं जाहीर करा.

अमेरिकी कायद्यात दुसऱ्याची कृती काही अटींवर विनापरवाना वापरता येते. टीका, विडंबन, किंवा मूळ कृतीला नवा अर्थ देणारा बदल असेल तर. फेअरीची बाजू लंगडी नव्हती. फोटो पत्रकार परिषदेतला होता, हजारांतला एक. एप्रिल २००६ मध्ये नॅशनल प्रेस क्लबमध्ये अभिनेता जॉर्ज क्लूनी डार्फरमधल्या हत्याकांडाबद्दल बोलायला आला होता, शेजारी ओबामा बसले होते, आणि छायाचित्रकार मॅनी गार्सिया समोरून फोटो काढत होता. पोस्टर वर्षभर देशभर दिसत असूनही ते आपल्या फोटोवरून केलंय हे खुद्द गार्सियाला कळलं नव्हतं. बदल किती खोल होता याचा याहून चांगला साक्षीदार कुठे मिळाला असता?

आणि इथे माणूस घसरला.

दोन फोटो शेजारी ठेवा. एकात क्लूनी आणि ओबामा दोघं. दुसऱ्यात ओबामा एकटे, चेहरा जवळून, पाठीमागे झेंडा. फेअरीने न्यायालयाला सांगितलं की पहिला वापरला. म्हणजे क्लूनीला कापलं, चौकट बदलली, जास्त मेहनत, जास्त बदल, जास्त मजबूत बाजू. प्रत्यक्षात वापरला होता दुसरा, पोस्टरशी जवळजवळ जुळणारा. तुमच्या मनात येईल, चुकला असेल, एवढ्या फोटोंत कुणाच्या लक्षात राहतं. सुरुवातीला तसं असेलही. पण चूक समजल्यावर त्याने कॉम्प्युटरवरच्या खऱ्या फायली पुसल्या आणि दाव्याला साजेशा नव्या खोट्या तयार केल्या. ऑक्टोबर २००९ मध्ये ते उघड झालं आणि त्याला कबूल करावं लागलं. वकिलांनी अंग काढून घेतलं. ज्यांनी त्याची बाजू घेऊन लिहिलं होतं, त्या कायद्याच्या प्राध्यापकांचीही पंचाईत झाली असणार.

मला त्याच्या भिंतींचा राग येत नाही. फोटो न विचारता घेतल्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पण हे पुसणं मात्र गळी उतरत नाही. ज्याने आयुष्यभर उघड्यावर, भर चौकात, पकडलं जाण्याची तयारी ठेवून काम केलं, त्याने हे एकच काम दार लावून केलं. आणि नुकसान त्याचं एकट्याचं नाही. त्या खटल्याचा निकाल लागला असता तर उचललेल्या चित्रांवर जगणाऱ्या सगळ्याच कलावंतांना निदान आपण कुठे उभे आहोत ते कळलं असतं. जानेवारी २०११ मध्ये तडजोड झाली. कायद्याचा मुद्दा दोघांनीही सोडला नाही आणि न्यायाधीशांना तो ठरवावा लागला नाही. तो ठरायला २०२३ उजाडलं, आणि तेव्हा समोर होती दिवंगत अँडी वॉरहोलची संस्था. गायक प्रिन्सच्या, लिन गोल्डस्मिथ यांनी काढलेल्या फोटोवरून वॉरहोलने चित्रं केली होती. त्यातलं एक मासिकाला वापरू देताना छायाचित्रकाराचा हक्क डावलता येणार नाही, असा कौल सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी दिला. पॉप आर्टच्या आजोबाच्या नावावरही शेवटी हिशेब निघालाच.

सप्टेंबर २०१२ मध्ये मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात मागच्या बाकावर बसा. शिक्षा फोटोबद्दल नाही, पुराव्याशी केलेल्या खेळाबद्दल आहे. सरकारी वकिलांना तुरुंगवास हवा होता. न्यायाधीशांनी दोन वर्षांचं प्रोबेशन, ३०० तास समाजसेवा आणि २५ हजार डॉलर दंड दिला. सूट घातलेला, बेचाळिशीतला माणूस बाहेर पडतो. चोरीचा आरोप कधीच सिद्ध झाला नाही.

वर्षभर मागे, ऑगस्ट २०११, कोपनहेगन. हा मुक्काम मला सगळ्यात जास्त शिकवणारा वाटतो. यागत्वाय ६९ या पत्त्यावर ‘उंगडोम्सहूसेत’ नावाचं तरुणांचं घर होतं, डाव्या चळवळीचा अड्डा. मार्च २००७ मध्ये पोलिसांनी ते रिकामं केलं, इमारत पाडली, शहर कित्येक दिवस पेटलं. रिकाम्या प्लॉटशेजारच्या भिंतीवर फेअरीने कबुतर काढलं आणि लिहिलं ‘शांतता’. या वेळी परवानगी होती, कागदपत्रं चोख. पण ज्यांचं घर पाडलं त्यांच्या दृष्टीने हा जखमेवर फासलेला सरकारी चुना होता. रातोरात चित्रावर रंग पडला: शांतता नाही, आणि अमेरिकन हिपस्टरा, घरी जा. काही दिवसांनी एका क्लबबाहेर त्याला मारहाण झाली. डोळा काळानिळा, बरगडीला मुका मार. मारहाणीचं समर्थन नाही. पण ‘विचारलंस कुणाला?’ हा प्रश्न या वेळी भिंतीच्या मालकाने विचारला नव्हता, गल्लीने विचारला होता. श्रेय द्यायचं तर हे की त्याने त्या घरातल्या जुन्या मंडळींना हाक मारली आणि चित्राचा खालचा भाग त्यांच्याबरोबर पुन्हा केला, दंगलीच्या दृश्यांसह.

डेट्रॉइटला २०१५ मध्ये दोन्ही गोष्टी एकाच दौऱ्यात झाल्या. भर शहरात अठरा मजली भिंतीवर त्याने मालकाच्या निमंत्रणावरून प्रचंड चित्र केलं, आणि त्याच मुक्कामात इतरत्र पोस्टरंही लागली, बिननिमंत्रणाची. जुलैत युरोपहून परतताना लॉस एंजेलिसच्या विमानतळावर त्याला अडवलं. पंचेचाळीस वर्षांचा, मधुमेही, दोन मुलींचा बाप, आणि गुन्हा पोस्टर डकवण्याचा. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. त्याच सुमारास ओबामांवरही तो नाराज झाला होता; ड्रोन हल्ले आणि नागरिकांवरची पाळत पाहून आपली निराशा झाल्याचं त्याने मुलाखतीत सांगून टाकलं. ‘होप’ त्याने मागे घेतलं नाही, घेता येणारही नव्हतं.

जानेवारी २०१७, वॉशिंग्टन. डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीचा दिवस. वर्तमानपत्र उघडा, पानभर जाहिरातीत एक बाई तुमच्याकडे रोखून बघते आहे, डोक्यावर अमेरिकेच्या झेंड्याचा हिजाब. लोकांनी लहान-लहान वर्गण्या देऊन ही पानं विकत घेतली आहेत. पान काढायचं, हातात धरायचं आणि मोर्चात चालायचं. दुसऱ्या दिवशीच्या महिलांच्या मोर्चात हा चेहरा हजारोंनी दिसतो. मूळ फोटो रिदवान अधामी यांनी कितीतरी वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये काढलेला; फोटोतली बाई क्वीन्सची, आईवडील बांगलादेशातून आलेले. या वेळी छायाचित्रकाराला विचारलं गेलं, नाव दिलं गेलं, दोघांच्या मुलाखती झाल्या. तरी तक्रार उरलीच: देशप्रेम सिद्ध करायला मुसलमान बाईनेच झेंडा डोक्यावर का घ्यावा, असं काही मुसलमान लेखिकांनी विचारलं. प्रश्न वाजवी आहे. परवाना खिशात असला म्हणून तो टळत नाही.

शेवटचा मुक्काम पॅरिस, तेरावा विभाग, ऱ्यू नासिओनाल. नोव्हेंबर २०१५ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर फेअरीने इथल्या उंच इमारतीच्या भिंतीवर मारियान काढली, फ्रेंच प्रजासत्ताकाची प्रतिमा, आजूबाजूला स्वातंत्र्य, समता, बंधुता. याच चित्राची एक प्रत राष्ट्राध्यक्ष माक्रों यांच्या कार्यालयात लागली, आणि टीव्हीवरच्या भाषणांत मागे दिसू लागली. वीस वर्षांचा फेअरी असता तर सत्तेच्या खुर्चीमागे लटकलेल्या या चित्राचं त्याने काय केलं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. बादली तुम्हीच धरली होती.

डिसेंबर २०२० च्या एका रात्री काही लोक तिथे आले. पोलिसांच्या वाढत्या अधिकारांविरुद्ध तेव्हा फ्रान्समध्ये निदर्शनं चालू होती. त्यांनी ब्रीदवाक्यावर पांढरा रंग फासला आणि मारियानच्या डोळ्यांतून लाल अश्रू काढले. फेअरीची मारियान त्यांच्या हाती तशीच पडली, जसा कधीकाळी फेअरीच्या हाती आंद्रे पडला होता. पुढच्या महिन्यात त्याने चित्र दुरुस्त करून घेतलं. अक्षरं परत आली, रंग परत आले. फक्त मारियानच्या डोळ्याखाली आता एक निळा अश्रू आहे. सही फेअरीची आहे. रडण्याची कल्पना रात्री आलेल्या त्या लोकांची.